कापड बाजारामागचं बुटांचं दुकान : पाचपैकी चार

मंडळातल्या तिघींनी विचारलं, "ताई, यंदा मुलांचे बूट घेतले कुठून?" म्हणून लिहायला बसले. दोन ओळींत उरकेल असं वाटलं होतं, लांबलं.

दुकानाचं नाव टाकत नाही. शेठनी हात जोडून सांगितलंय, "मावशी, नाव नका टाकू. उद्या गावातलं प्रत्येक मंडळ सवलत मागायला दारात उभं राहील." नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही अजून) कापड बाजारातून मागं एक बोळ जातो, तिथं रसवंतीच्या शेजारी तीन पायऱ्या चढून हे दुकान आहे. जायचं असेल तिनं मला फोन करावा.

आधी मुलं कुणाची ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या चर्चच्या आवारात लहानसं वसतिगृह आहे. यंदा बावीस मुलं. त्यात ख्रिस्ती घरची पाच, बाकी सगळी पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा या बाजूची, आईबाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की मुकादम गाडी भरतो आणि कोयते निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या मिळून नावावर. ते परत येणार पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्चअखेर किंवा एप्रिलात. आणि नाताळ येतो बरोबर मधोमध. शाळेला सुट्टी लागते, दुसऱ्या वसतिगृहांतली पोरं पिशव्या उचलून गावी जातात. आमच्यातली चार-पाच आजीकडं जातात. उरलेल्यांच्या घराला कुलूप असतं, ती इथंच.

नाताळात या मुलांना काय मिळतं? केक. चोवीसला चार केक, पंचवीसला पाच, सव्वीसला काही नाही. एक वर्ष तर एकाच दिवशी तीन ठिकाणांहून स्केचपेन आले, बारा-बारा रंगांचे. मुलांनी आपसांत अदलाबदल केली, शेवटी पेनांचा ढीग पडला आणि बदल्यात कुणाकडंच काही नव्हतं. देणाऱ्यांना नावं ठेवत नाही मी, त्यांनी खिशातून दिलंय. पण आल्याआल्या मुलांना ओळीत बसवायचं, लाल टोप्या घालायच्या, फोटो काढायचा, टोप्या परत घ्यायच्या, याचा कंटाळा मुलांनाही येतो. टोपी परत घेतात हे तिसरीतल्या एकानं मला वेगळं सांगितलं.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही चिठ्ठ्या घेतो. सांताक्लॉज रात्री येतो वगैरे सांगत नाही. मंडळाच्या बायका पैसे जमवतात आणि आणतात, असं सरळ सांगतो. एका चिठ्ठीत एकच गोष्ट, पाचशेच्या आतली. पाळकसाहेबांनी वाचायच्या नाहीत, वॉर्डनबाईंनी वाचायच्या नाहीत, फक्त मी आणि खजिनदार. ही अट मोठ्या मुलींनी घातली होती.

यंदा बावीसपैकी अठरा चिठ्ठ्यांत पायात घालायचं काहीतरी निघालं. मला वाटलं होतं खेळणी निघतील. एकीनं कुलूप मागितलं, पेटीला, "किल्ल्या दोन पाहिजेत, एक हरवली तर." एकानं रिचार्ज मागितलं होतं, स्वतःला नाही, आईच्या मोबाइलला, कारण नोव्हेंबरापासून तो लागतच नव्हता. एकानं मटण, "सगळ्यांना पुरंल एवढं." आणि एका चिठ्ठीत नुसतं लिहिलं होतं, "जे राहील ते." त्या चिठ्ठीवर मी आणि खजिनदार बराच वेळ बसलो. मग त्या मुलाला बोलावून बळंच विचारलं, तेव्हा बॅडमिंटनचं फूल म्हणाला. रॅकेट? तर म्हणे रॅकेट आहे शाळेत, फूल नसतं.

बुटांच्या चिठ्ठ्या मात्र नेमक्या होत्या. मी आयुष्यभर ब्लाऊज शिवले, चाळीस वर्षं गळ्यात टेप. मापाचं बोलणं मला लगेच कळतं. "काळे, पण नवे." "माझ्या मापाचे, दादाचे नको." "चिकटपट्टीचे नको, नाडीचे, मला गाठ येते." "आवाज येणारे." "आत कापूस घालायला लागू नये असे." ही शेवटची चिठ्ठी चौथीतल्या पोराची. त्याला दान आलेले बूट मिळाले होते दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून पोरगं वर्षभर चाललं. कार्यक्रमाला कुणी विचारलं की "मस्त आहेत" म्हणायचं.

सरकार काही देत नाही असं नाही. २०२३ पासून सरकारी आणि झेडपीच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे मिळायची योजना आहे, मुलामागं १७० रुपये. १७० रुपयांत कसा बूट येतो ते ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको. आणि आमची निम्मी पोरं झेडपीच्या शाळेत नाहीतच.

आता दुकान.

पहिल्यांदा मी एकटीच गेले, भाव काढायला. तीन दुकानं फिरले. एका मोठ्या, काचेच्या दुकानात पोऱ्यानं सांगितलं, "मॅडम, साइज लिहून आणा, आम्ही पॅक करून देतो, मुलांना आणायची गरज नाही, गर्दी होते." दुसरीकडं "डोनेशनचं आहे का? मग जुना स्टॉक दाखवतो." या शेठनी एकच विचारलं, "पोरं कधी आणताय?" मी म्हटलं सकाळी दहाला. तर म्हणाले, "दहाला नको, चारनंतर आणा. सकाळचा पाय वेगळा, संध्याकाळचा वेगळा. दिवसभर खेळून पाय पसरतो, त्या पायाला बसला तर बसला." शिवणाऱ्या बाईला ही भाषा पटते. मी तिथंच ठरवलं.

अठरा पोरं दोन फेऱ्यांत नेली, शनिवारी आणि सोमवारी. दुकान इतकं अरुंद की नऊ मुलं, मी आणि वॉर्डनबाई म्हटल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा नाही. बसायला एकच बाकडं, त्याचा एक पाय डुगडुगतो. पंखा आहे, पण बिलाच्या टेबलावर शेठना वारं लागेल असा. एक तारा मी इथंच कापलाय, आणि थोडा शेठच्या मुलासाठी. त्यावर येते.

माप घ्यायला शेठकडं लाकडी पट्टी आहे, जुनी, त्यांच्या वडिलांच्या वेळची, मागं टाच टेकवायची आणि पुढं सरकती फळी अंगठ्याला लावायची. आकडे घासून गेलेत, त्यांना पाठ आहेत. मुलांना नंबरांचं गूढ वाटत होतं, कारण आपल्याकडं लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. दुसरीतलं एक पोर तेरा नंबरचं निघालं आणि त्याचा सहावीतला भाऊ तीनचा. धाकटा दुकानभर सांगत सुटला, "माझा तेरा, दादाचा तीनच!" शेठनी त्याला सुधारलं नाही. मोठ्यानंही नाही.

पण पट्टीपेक्षा त्यांनी पुढं जे केलं ते सांगायचंय. गेल्या वर्षी मी दुसरीकडून बूट घेतले होते. मुलांना घालून बघायला लावलं, "बसतात का?" विचारलं, सगळी म्हणाली "बसतात." जानेवारीत बघते तर पाच जणांच्या टाचांना फोड. मला राग आला होता, "तेव्हा का नाही बोललात?" कुणी उत्तर देईना. यंदा कळलं. शेठ एकदाही "बसतात का?" म्हणाले नाहीत. पायात बूट चढवला, अंगठ्यानं पुढं दाबून बघितला आणि विचारलं, "कुठं लागतंय?" पहिलं पोरगं म्हणालं, "नाय लागत." शेठ म्हणाले, "नवा बूट कुठंतरी लागतोच. सांग, कुठं?" पोरगं जरा थांबलं आणि करंगळीवर बोट ठेवलं. शेठनी लगेच दुसरा जोड काढला आणि पहिला तिथंच त्याच्या शेजारी ठेवला, उचलून आत नेला नाही. "हा बी इथंच हाय, घाबरू नको. पसंत पडंल तो ने."

बूट हातातून जाईल या भीतीनं मुलं घट्ट बूटही "बसतो" म्हणत होती. हे मला एक वर्ष कळलं नाही आणि या माणसाला पहिल्या पोराच्या तोंडाकडं बघून कळलं.

मग पायऱ्या. प्रत्येकाला तीन पायऱ्या उतरून रसवंतीपर्यंत जाऊन परत यायला लावलं. उतरताना बोटं पुढं घसरतात, चढताना टाच निसटते, दोन्ही बघायचं. रसवंतीवाला आधी वैतागला, सात-आठ फेऱ्यांनंतर तोच सांगायला लागला, "ह्याची टाच उचलतीय, शेठ!" शेठ म्हणाले पुढं अंगठ्याइतकी जागा सोडायची, त्याहून जास्त नाही. वाढत्या अंगाचं म्हणून दोन नंबर मोठे घ्यायचे असं मी सुचवलं. आम्ही परकर-पोलक्याला दाब सोडतो ना, तसं. तर म्हणाले, "मावशी, कापडाला दाब सोडता येतो. बुटाला सोडला की पोरगं पडतं."

आमच्या पोरांचे पाय रुंद. अनवाणी वाढलेले, पंजा पसरलेला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखावर लोकांचे पाय मोजले, त्यात हेच निघालं की ज्या इंग्रजी मापांवर आपण बूट विकत घेतो त्यापेक्षा आपला पाय रुंद असतो. त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापं सुचवलीत. ती दुकानात येतील तेव्हा येतील. शेठकडं तोपर्यंतचा इलाज म्हणजे रुंद साच्याचा एक ब्रँड, दिसायला बोजड. मोठ्या मुलींनी तो बघून नाक मुरडलं. त्यांना पातळ सोलचे, गुलाबी पट्ट्याचे हवे होते. त्यांना तेच घेतले. एकीला थोडे लागतात, तिनं मला सांगितलंय आणि वॉर्डनबाईंना सांगू नका असंही सांगितलंय.

आता शेठचा मुलगा. कॉलेजात आहे, दुकानाचं इन्स्टाग्राम तो बघतो. पोरं बूट घालत असताना मोबाइल काढून उभा राहिला, "ताई, एक छोटा व्हिडिओ, नाताळचा." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "चांगल्या कामाची पब्लिसिटी होते." मी म्हटलं, "चांगलं काम तुझे पप्पा करतायत, त्यांचा काढ." तोंड पाडून बसला आणि सोमवारी मोजे द्यायला मुद्दाम उशीर लावला. पंधरा मिनिटं मोज्यांसाठी! वय आहे, कळेल. पण मुलं घेऊन जाणार असाल तर दारातच सांगून टाका.

भाव. शाळेचे काळे बूट लहान मापाचे ३४९, मोठे ३९९, नाडीचे स्पोर्ट्स ५४९. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झालाय, हजाराच्या आतल्यावर आधी १२ होता. तो फरक किमतीत उतरवलाय का, हे मी विचारलं. शेठनी जुनं बिलबुक काढून दाखवलं. असं दाखवणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला. लहान सहा, मोठे सात, स्पोर्ट्स चार, असे सतरा जोड, वर एक चपलांचा जोड, मिळून ७३४३ झाले. त्यांनी ६६०० लावले आणि मोजे वर दिले. आमच्याकडं १२,४०० जमले होते. उरलेल्यात कुलूप, रिचार्ज, दोन स्वेटर, फुलांचा डबा आणि पंचवीस तारखेचं मटण. यूपीआय चालतं. कार्ड चालत नाही.

एका जोडाचा तळ आठ दिवसांत सुटला. नेऊन दाखवला, काही न बोलता नवा दिला. जुना ठेवून घेतला, "कंपनीला दाखवतो" म्हणाले.

आता तो चपलांचा जोड. तो राहिला.

सहावीतली मुलगी, आष्टीकडची. चिठ्ठीत लिहिलं होतं, "आईला चपला. मला शाळेचे बूट आहेत." मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की चिठ्ठी तुझी आहे, तुला काय पाहिजे ते माग. तर म्हणे, "हेच पाहिजे." बरं, माप? तिनं दप्तरातून नाडी काढली, परकराची, पांढरी, मधे दोन गाठी. दिवाळीत आई निघायच्या आदल्या रात्री ती झोपलेली असताना पायाला लावून घेतलेलं माप. म्हणजे हिनं चिठ्ठ्यांची वाट पाहिलीच नव्हती, दीड महिना आधीच ठरवलं होतं. मी नाडी हातात घेतली आणि सवयीनं ताणून बघितली. सुती होती, ताण देत होती, अर्धा इंच सहज. मी काही बोलले नाही.

शेठनी नाडी लाकडी पट्टीवर ठेवली. न ताणता पाच, जरा ताणली की सहा. त्यांनी मुलीला विचारलं, "आईच्या टाचा फुटलेल्या असतात?" "हो." "अंगठा बाहेर येतो चपलेच्या?" "हो." मग सहा. इथपर्यंत आमचं एकमत.

मी मग मजबूत चपला काढायला सांगितल्या. जाड तळाच्या, मागं पट्टा असलेल्या. उसाच्या फडात तोडलेली बुडखं वर आलेली असतात, पातळ चपलेतून सरळ पायात घुसतात. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलीनं त्या हातात घेतल्या, उलट्यापालट्या केल्या आणि खाली ठेवल्या. तिची नजर वरच्या फळीवर. सोनेरी पट्ट्याच्या, बोटाशी खडा, टाच जराशी उंच. २६० रुपये. मी म्हटलं, "अगं, ह्या फडात एक दिवस नाही टिकणार."

ती म्हणाली, "फडात नाही घालायच्या."

मी अजून समजवायला लागले, आईला काय उपयोगी पडेल वगैरे. शेठनी मला खुणेनं थांबवलं आणि काठी घेऊन सोनेरी जोड खाली काढला. सहा नंबर. त्यांनी डाव्या पायाची चपल तिच्या हातात दिली, उजव्या पायाची स्वतः धरली आणि म्हणाले, "खडा ओढून बघ. जोरात. निघला तर दुसरा जोड." तिनं दातांनी ओढून बघितला. निघाला नाही.

पिशवीत भरताना मी विचारलं की नाही बसल्या तर? बदलून द्यायची मुदत बिलावर छापलीय, सात दिवस. आई येणार एप्रिलात. शेठनी बिल उलटं केलं, पेन झटकला, चालेना, माझा घेतला आणि मागं लिहिलं: "पट्टा पडल्यावर बदलून देणे." खाली सही, दुकानाचा शिक्का. शिक्का पुसट उठला म्हणून दुसऱ्यांदा मारला.

बिल मुलीनं माझ्याकडं दिलं नाही. ज्या मैत्रिणीनं कुलूप मागितलं होतं, तिच्या पेटीत ठेवलंय.